प्रयोगशाळेची किल्ली

प्रार्थना संपते आणि नांदगावच्या एका माध्यमिक शाळेत दहावीची पोरं प्रयोगशाळेच्या दाराशी गोळा होतात. दाराला कुलूप आहे. विज्ञानाच्या मॅडम वरच्या मजल्यावरून नववीची हजेरी उरकून घाईघाईने उतरतात, पर्समधली किल्ली चाचपतात. "सरका रे, दार तरी उघडू द्या." आत शिरल्यावर खिडक्या त्याच उघडतात, ओट्यांवरची धूळही त्याच पुसतात. तास पस्तीस मिनिटांचा. त्यातली सात-आठ इथेच जातात. सप्टेंबर आहे, पण या तालुक्यात पाऊस हात राखूनच पडतो. बाहेर मैदानावर माती उडते आहे.

खोली नवी आहे. संस्थेने थोडे पैसे घातले, बाकीचे माजी विद्यार्थ्यांनी दिले. कांद्याचे पैसे हातात आल्यावर मार्केटमधून थेट शाळेत येऊन पावती फाडणारेही त्यात होते. भिंतीवरचा डिजिटल बोर्ड आणि कोपऱ्यातले संगणक सार्वजनिक निधीतले. मॅडम बोर्डावर प्रकाशकिरण काचेत शिरताना कसा वळतो ते दाखवतात. चित्र मोठं, स्वच्छ. मागच्या बाकावरच्यालाही दिसतं. किरण वळतो तेवढ्यात लाईट जाते.

"चला, टाचण्या काढा."

सहा जणांत एक काचेची चीप. समोरची मुलगी कागदावर चीप ठेवून पेन्सिलीने तिची कड आखते, एका बाजूला दोन टाचण्या रोवते. मग हनुवटी ओट्याला टेकवून, एक डोळा मिटून, पलीकडून बघत तिसरी टाचणी सरकवते. पहिल्या दोन तिच्यामागे लपायला हव्यात. शेजारच्याचा कोपर लागतो, कागद हलतो. "अरे, नीट बस ना!" पुन्हा सुरुवात. चौथी टाचणी लागते, चीप उचलली जाते, पट्टीने रेषा जोडल्या जातात. आत शिरलेला किरण आणि बाहेर पडलेला किरण, दोन्ही समांतर. फक्त थोडे बाजूला सरकलेले. "मॅडम, आल्या! समांतर आल्या!" ती ओरडते. बाकीचे पाच जण वाकून बघतात आणि आपापल्या पाळीसाठी भांडू लागतात.

दहावीला विज्ञानाचे 80 गुण लेखी आणि 20 प्रात्यक्षिकाचे. प्रयोग न करता वही उतरवूनही ते 20 पदरात पडू शकतात, हे विद्यार्थी, पालक, शिक्षक सगळे जाणून आहेत. म्हणून मला या मुलीचा मिटलेला डोळा फार मोलाचा वाटतो.

मैदानापलीकडे आठवीचा वर्ग अजून पत्र्याखाली भरतो. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची असूनही दहानंतर तिथे बसवत नाही, आणि जोराचा पाऊस आला की पत्र्यावरच्या आवाजामुळे शिक्षक बोलणं थांबवून फळ्यावर लिहू लागतात. स्टेशनवरून मुंबई-भुसावळ मार्गावरच्या गाडीचा भोंगा येतो तेव्हाही वाक्य अर्ध्यावर सोडावं लागतं.

मुख्याध्यापकांच्या टेबलावर फायलींची चळत आहे. शाळा अनुदानित, म्हणजे शिक्षकांचे पगार सरकार देतं, इमारत संस्थेने बघायची. महाराष्ट्रातल्या बऱ्याच माध्यमिक शाळा अशाच आहेत. जिल्हा परिषदेची शाळा बहुधा फार तर सातवी-आठवीपर्यंत असते. 2022 मध्ये केंद्राने पीएम श्री योजना आणली, साडेचौदा हजारांहून अधिक शाळांसाठी 27,360 कोटींची. ती सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी आहे; या शाळेला तिथे अर्जच करता येत नाही. अटल टिंकरिंग लॅब अनुदानित शाळेलाही मिळू शकत होती, 20 लाखांपर्यंत. पण सपाट भागातल्या शाळेकडे त्यासाठी 1,500 चौरस फूट जागा हवी होती, आणि इथे आठवी पत्र्याखाली बसलेली.

आणि मग किल्लीचा प्रश्न. इथले प्रयोगशाळा परिचर निवृत्त झाले आणि पद त्यांच्याबरोबरच गेलं. डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने शाळांतली शिपाई, परिचर, पहारेकरी ही पदं रिक्त होतील तशी संपवून त्यांच्या जागी भत्ता ठेवला: मुंबई-पुण्यात महिना 10,000, ग्रामीण भागात 5,000. पाच हजारांत दिवसभर थांबून काचसामान धुणारा, आम्लाच्या बाटल्या सांभाळणारा माणूस कुठून मिळणार? शेतमजुरीलाही याहून जास्त सुटतात. सरकारने शाळांवर खर्च करावा आणि भरपूर करावा, पण खोली बांधताना तिचं वीजबिल, दुरुस्ती आणि ती उघडणारा माणूस हा त्याच खर्चाचा भाग धरला पाहिजे. नाहीतर चार-पाच वर्षांत बोर्ड बंद पडतो, नळ गळतात आणि मुलं पुन्हा वही उतरवू लागतात.

मुख्याध्यापक नवा प्रस्ताव तयार करताहेत. आठवीसाठी दोन पक्क्या खोल्या, मुलींसाठी पाण्याची सोय असलेली स्वच्छतागृहं, लाईट गेल्यावर बोर्ड चालेल एवढा सोलर, आणि परिचर.

लिपिक मान वर करतात. "सर, या फॉर्ममध्ये माणसाचा रकाना नाही."

"मग वेगळं पत्र जोडा, भाऊसाहेब. आणि ते सगळ्यात वर लावा."