आखाडा आणि पाठशाळा : वऱ्हाडांतील एका व्यायाममंडळाची जन्मकथा

चांगला लाठीवाला होणें ही एक विद्या. दुसऱ्यास चांगला लाठीवाला करणें ही दुसरी विद्या. आणि आपल्यामागेंही हें काम अखंड चालेल अशी संस्था उभी करणें ही तिसरी. पहिली विद्या साधलेले पुरुष महाराष्ट्रांत आणि वऱ्हाडांत गांवोगांव होऊन गेले. दुसरी त्यांतील थोड्यांना साधली. तिसरी इतकी दुर्मिळ कीं, ज्यांना ती साधली त्यांच्या मार्गाचा विचार करणें अगत्याचें ठरतें. अमरावतीस १९१४ सालीं अंबादासपंत वैद्य व अनंत वैद्य या बंधुद्वयानें जो आखाडा उभा केला आणि ज्याचें पुढें ‘श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ’ झालें, तो या तिसऱ्या विद्येचा ठळक नमुना होय. अमरावती व यवतमाळ हे वऱ्हाडांतील सख्खे शेजारी जिल्हे. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा अशा गांवीं ज्या कोणास व्यायामशाळा काढावीशी वाटेल, त्यानें प्रथम पाहावें असें उदाहरण त्याच्या उंबरठ्याशींच आहे.

त्या काळाची परिस्थिति आधीं ध्यानांत घेतली पाहिजे. वऱ्हाड प्रांत १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला आणि १९०३ सालीं मध्यप्रांतास जोडला गेला. दोन वर्षांनीं, १९०५ सालीं, पूर्वीच्या वणी जिल्ह्यास यवतमाळ हें नांव मिळालें. दरम्यान १८७८ चा शस्त्रांचा कायदा झाला होता आणि परवान्यावांचून शस्त्र बाळगणें हा गुन्हा ठरला होता. तलवार व भाला घरांतून गेले, परंतु हाताची संवय गेली नाहीं. ती लांकडांत आणि चामड्यांत शिरली. तलवारीच्या जागीं चामडें मढविलेला गदगा आला व ढालीच्या जागीं लहानशी फरी. भाल्याच्या टोंकाशीं कापडाचा गोळा बांधून बोथाटी झाली. आणि लाठी तर शेतकऱ्याच्या हातीं होतीच. पोलादाची विद्या अशा रीतीनें बांबूच्या आश्रयानें जगली.

ती जगली ती आखाड्यांत. आखाडा म्हणजे हनुमंताची मूर्ति, लाल मातीचा हौद, मल्लखांब आणि मुदगलांच्या जोड्या एवढेंच नव्हे. आखाडा म्हणजे वस्ताद. फी नाहीं, हजेरीपट नाहीं, परीक्षा नाहीं. शिष्यानें पहांटे येऊन हौद खणावा, जोर-बैठका काढाव्या, वस्तादाची सेवा करावी. त्याची मर्जी प्रसन्न झाली म्हणजे एखादा डाव पदरांत पडे. या पद्धतींत मोठा गुण असा कीं, गुरूचा हात प्रत्यक्ष शिष्याच्या खांद्यावर असे व चूक तेथल्या तेथें सुधारली जाई. दोषही तितकाच मोठा. वाघाच्या मावशीनें वाघाला सर्व कांहीं शिकविलें, झाडावर चढणें तेवढें शिकविलें नाहीं, ही गोष्ट घरोघर मुलांना सांगतात. पुष्कळ वस्ताद या मावशीच्याच पंथाचे होते. शेवटचा पेच ते राखून ठेवीत. त्यांत केवळ मत्सर होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. घातक विद्या अपात्र माणसाच्या हातीं पडूं नये, ही चिंताही त्यांत होती. परंतु परिणाम एकच. प्रत्येक पिढीनें एक पेच राखला, तर विद्या पिढीगणिक एका पेचानें दरिद्री होते.

ही कोंडी फोडण्याचा मोठा यत्न बडोद्यास झाला. तेथें जुम्मादादा नांवाचे नामांकित मुसलमान वस्ताद होते. गजानन यशवंत तांबे ऊर्फ माणिकराव हे त्यांचे शिष्य. गुरुसेवा करून मिळविलेली विद्या माणिकरावांनीं गुरूच्या पश्चात् गुरूच्याच नांवानें चालविली. म्हणून ती शाळा आजही ‘जुम्मादादा व्यायाममंदिर’ या नांवानें ओळखली जाते. शाळांतून त्या वेळीं कवायत होई ती इंग्रजी हुकुमांनीं. माणिकरावांनीं देशी भाषेंतील आज्ञा योजून, लाठी, लेझीम इत्यादि प्रकार रांगांनीं उभ्या राहिलेल्या समुदायास एकदम शिकविण्याची पद्धत बसविली. त्यांच्या हाताखालीं तयार झालेल्यांपैकीं जगन्नाथ गणेश गुणे पुढें स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ सालीं त्यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें. छोटुभाई पुराणी यांनीं गुजरातेंत आखाड्यांचा प्रसार केला.

आज्ञा देशी भाषेंत आल्यानें एवढें काय झालें, असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तर असें. आज्ञा देण्यापूर्वीं हालचालीचे तुकडे पाडावे लागतात. लाठीचा एक वार वस्ताद क्षणांत करून दाखवितो. पण पन्नास मुलांना तो शिकवावयाचा तर पाय कोठें, कंबर केव्हां वळावी, मनगट केव्हां फिरावें आणि लाठी कोठें थांबावी, हें एक, दोन, तीन अशा अंकांनीं मांडावें लागतें. दोन मुलांमध्यें दोघांच्याही लाठ्या फिरतील इतकें अंतर आखावें लागतें. शिक्षकाला स्वतःच्याच हाताची नवी ओळख होते. आजवर जें अंगानें माहीत होतें तें आतां बुद्धीस माहीत होतें. आणि एकदां तें असें मांडलें गेलें कीं, राखून ठेवण्यास कांहीं उरत नाहीं. या लाभाची किंमतही द्यावी लागते. रांगेंत उभ्या असलेल्या चाळिसाव्या मुलाच्या खांद्यावर गुरूचा हात पोंचत नाहीं. म्हणून सामुदायिक शिक्षणास दुय्यम शिक्षकांची फळी लागते. ती नसेल तर शिक्षण जाऊन केवळ देखावा राहतो.

अमरावतीच्या मंडळाचें वैशिष्ट्य येथें दिसतें. त्याच्या नांवांतच ‘प्रसारक’ हा शब्द आहे. मल्ल तयार करण्यावर संतोष न मानतां शिक्षक तयार करण्याचें काम त्यानें अंगावर घेतलें. उन्हाळ्याच्या सुटींत वर्ग भरवावयाचे, शिक्षकांनीं ते पुरे करावयाचे आणि शाळा उघडल्यावर आपापल्या गांवीं जाऊन मुलांना शिकवावयाचें, ही योजना दिसावयास साधी, पण दूरदृष्टीची होती. मद्रासेस वाय. एम. सी. ए. चें व्यायामशिक्षकांचें विद्यालय १९२० सालीं हॅरी क्रो बक यांनीं काढलें होतें. तेथील वळण पाश्चात्त्य होतें. अमरावतीनें देशी व्यायामाच्या पायावर शिक्षक घडविण्याचा प्रयोग केला. या आखाड्यांत येऊन गेलेल्यांत शिवराम हरि राजगुरु हेही होते, ज्यांना २३ मार्च १९३१ रोजीं लाहोरास फांशी झाली. अशा जागेकडे तत्कालीन सरकार निःशंक मनानें पाहत असेल हें संभवत नाहीं.

१९३६ सालीं मंडळाचें पथक बर्लिनला गेलें. १ ते १६ ऑगस्टपर्यंत तेथें ऑलिंपिक सामने झाले आणि त्या प्रसंगीं पथकानें कबड्डी, मल्लखांब इत्यादि भारतीय प्रकारांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. वऱ्हाडांतील मुलांची ही कामगिरी अभिमानास्पद खरीच. परंतु विचारी मनुष्यास त्या शहरांत आणखीहि एक धडा दिसतो. यजमान राष्ट्राचे तरुणही सुदृढ होते, शिस्तबद्ध होते, एका आज्ञेसरशीं हजारों पावलें टाकीत होते. तीन वर्षांनीं, १९३९ च्या सप्टेंबरांत, तींच पावलें पोलंडवर चालून गेलीं. बळ आणि शिस्त हीं स्वतः ना साधु ना दुष्ट. आज्ञा कोण देतो व कशासाठीं देतो, यावर त्यांचें मोल ठरतें. जुना वस्ताद अपात्र शिष्याविषयीं जी चिंता करी ती यासाठींच सर्वस्वीं टाकाऊ नव्हती. पेच राखून ठेवणें हा तिच्यावरचा खरा उपाय नव्हे, इतकेंच. खरा उपाय म्हणजे पेचाबरोबर विवेक शिकविणें, आणि तो अंक मोजून शिकवितां येत नाहीं. तो शिक्षकाच्या वागण्यांतून उतरतो.

पुढें १९४९ सालीं स्टॉकहोमच्या लिंगियाड महोत्सवांतही मंडळाचें पथक गेलें. बर्लिनला जी कबड्डी परकीयांनीं कौतुकानें पाहिली, तिला १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई सामन्यांत पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळालें. मंडळास २०१४ सालीं शंभर वर्षें पूर्ण झालीं. संस्थापक गेले, त्यांचे शिष्य गेले, तरी काम चालू आहे.

लहान गांवांत शाळा काढूं इच्छिणाऱ्या शिक्षकानें या इतिहासापासून घ्यावयाचें तें हेंच. त्याला प्रथम जागा लागेल, हौद लागेल, लोकांचा विश्वास लागेल. पण या सर्वांहून कठीण अशी एक गोष्ट लागेल. मैदानांत सर्वांत श्रेष्ठ आपण असावें हा मोह त्याला सोडावा लागेल. आपल्याहून चांगला शिकविणारा आपल्याच हाताखालीं तयार व्हावा, अशी ज्याची इच्छा असते, त्याचाच आखाडा पाठशाळा होतो. इतरांचे आखाडे वस्तादाबरोबर म्हातारे होतात, आणि त्याच्यामागें हौदांतील माती घट्ट होऊन तिच्यावर गवत उगवतें.