कुंडात उडी? आधी डोंगराला विचारा!

खान्देश म्हणजे फक्त केळी, भरीत आणि पंचेचाळीस डिग्री ऊन? छे! चाळीसगावच्या डोंगरात एक दिवस गाइडसोबत फिरून बघा. दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी, आठशे वर्षांपूर्वीची शाळा आणि घनदाट जंगलातला धबधबा... सगळं एका वीकेण्डात!

ऑफिसात कुणी फॉरेन ट्रिप करून आलं की आठवडाभर लंचटाइमचा विषय ठरलेला. आमच्या टीममधली एकजण मेक्सिकोहून परतली तेव्हा तिच्या लॅपटॉपभोवती ही गर्दी! आधी माया लोकांच्या पिरॅमिडांचे फोटो. मग एकदम वेगळंच काहीतरी. जमिनीत खोल विहिरीसारखा खड्डा, निळंशार पाणी आणि त्यात लाइफ जॅकेट घालून तरंगणाऱ्या बाईसाहेब. याला म्हणे 'सेनोटे' म्हणतात. सकाळी हॉटेलवरून बस उचलते, दुपारपर्यंत गाइड अवशेष दाखवतो, मग सेनोटेत डुबकी आणि संध्याकाळी परत. इतिहास आणि पोहणं, टू इन वन.

''आपल्याकडे असं काही नाही ना यार,'' कुणीतरी सुस्कारा सोडला.

''आहे की. चाळीसगावला,'' मी म्हटलं. सगळे हसले. मी धुळ्याची असल्यामुळे मला गावाचा अंमळ जास्तच अभिमान आहे, असं या लोकांचं ठाम मत आहे. मग काय, बोलण्यापेक्षा दाखवलेलं बरं! सप्टेंबरातला एक शनिवार धरला, सहा डोकी जमवली, स्थानिक गाइड ठरवला आणि पहाटे चाळीसगाव स्टेशनवर उतरलो. गाइड तिशीतला, पाटणादेवीच्या बाजूच्याच गावातला. आम्ही त्याला 'भाऊ' म्हणायला लागलो, तो आम्हाला 'ताई' आणि 'दादा'. त्याने जीपमध्ये बसण्याआधीच प्लॅन सांगितला. आधी घाट चढून वर पितळखोरा, मग खाली उतरून पाटणादेवी आणि शेवटी केदारकुंड.

''कुंडात पोहायचंय हां भाऊ,'' आमच्यातला एकजण म्हणाला. त्याने तर नवी कोरी स्विमिंग ट्रंक आणली होती.

''बघू,'' भाऊ म्हणाला. या 'बघू'चा अर्थ आम्हाला दुपारी कळणार होता.

अजिंठ्याचा जुना भाऊबंद

कन्नड घाट चढून वर पठारावर आलं की जिल्हा बदलतो. पितळखोरा लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात, पण ती ज्या दरीत आहेत तो डोंगर खान्देशावर डोकावणारा. हा सगळा भाग गौताळा-औट्रम घाट अभयारण्याचा. १९८६ साली अभयारण्य जाहीर झालं. पठारावरून दिसतं फक्त गवत आणि आभाळ. लेणी कुठे, असं विचारेपर्यंत पायाखालची जमीन संपते आणि दगडी पायऱ्या सरळ दरीत उतरायला लागतात.

इथली जुनी लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. म्हणजे अजिंठ्याच्या सगळ्यात जुन्या लेण्यांच्या बरोबरीची. पण अजिंठ्याला बसेसची रांग आणि इथे आम्ही सहाजण अधिक माकडं! इथला खडक ठिसूळ, त्यामुळे लेण्यांचे दर्शनी भाग बरेच कोसळलेत. तरीही जे उरलंय ते भन्नाट आहे. चौथऱ्यावर ओळीने उभे असलेले हत्ती, दाराशी भाला घेतलेले द्वारपाल आणि चैत्यगृहाच्या खांबांवर नंतरच्या काळातल्या चित्रांचे पुसटसे रंग.

भाऊची खासियत अशी की तो सनावळ्या पाठ म्हणून दाखवत नाही. माणसांबद्दल सांगतो. ही लेणी कुणा एका राजाने खोदलेली नाहीत. शिलालेखांत पैसे देणाऱ्यांची नावं आहेत. त्यात पैठणचा, म्हणजे तेव्हाच्या प्रतिष्ठानचा, मितदेव नावाचा अत्तरवाला आहे. मगिल नावाच्या राजवैद्याच्या घरचे लोक आहेत. थोडक्यात काय, तेव्हाचे व्यापारी आणि प्रोफेशनल्स! इथे सापडलेल्या एका गुबगुबीत, हसऱ्या यक्षाच्या हातावर तर चक्क कारागिराची सही आहे. कण्हदास, धंदा सोनाराचा. सोनाराने दगडात काम केलं म्हणजे काय नाजूक असेल, विचार करा! हा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

पण मला सगळ्यात आवडला तो नाग. विहाराच्या पायऱ्यांजवळ पाच फण्यांचा नाग कोरलाय आणि फण्यांना भोकं आहेत. खडकात कोरलेल्या चरातून पाणी यायचं आणि त्या फण्यांमधून बाहेर पडायचं. ''त्यांना माहीत होतं ताई, या दरीत पाणी येणारच,'' भाऊ म्हणाला. ''अडवायचं नाही, वाट करून द्यायची.''

आठशे वर्षांपूर्वीचा क्लास

घाट उतरून पाटणादेवीला आलो तेव्हा बारा वाजत आले होते. तिन्ही बाजूंनी कडे आणि मध्ये हिरवागार वाडगा. जंगलात बाराव्या शतकातलं महादेवाचं दगडी देऊळ आहे. यादवांचे मांडलिक निकुंभ राजे इथे राज्य करायचे, त्यांच्या काळातलं. पुढे चंडिकादेवीचं, म्हणजेच पाटणादेवीचं, देऊळ. नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते.

शाळेत गणिताने ज्यांचा छळ केला त्यांनी इथे जरूर नतमस्तक व्हावं. भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. 'लीलावती' त्याचाच भाग. त्यांचं गाव नेमकं कुठलं यावर विद्वानांचे वाद आहेत. पण त्यांचा नातू चांगदेव इथे होता, याला दगडी पुरावा आहे. हा चांगदेव यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने पाटणला मठ काढला आणि निकुंभ सोइदेवाने त्याला शके ११२८ मध्ये दान दिलं. बाजारातल्या उलाढालीतला आणि तेलाच्या घाण्यांवरचा वाटा मठाला मिळायचा. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा शिलालेख उजेडात आणला. बहुतेक मजकूर संस्कृत, पण देणग्यांचा हिशोब मात्र जुन्या मराठीत! पैशाच्या गोष्टी लोकांना कळतील अशाच भाषेत लिहाव्यात, हे तेव्हाही माहीत होतं तर.

जेवण देवळाबाहेरच्या झाडाखाली. शेवभाजी, कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी आणि तरीही ''अजून एक भाकरी द्या.'' डाएटवाल्यांनी रविवारपासून सुरू करावं.

भाऊचा फोन

आता कुंड! बॅगेतून टॉवेल निघाले. भाऊ मात्र मोबाइल घेऊन रेंज शोधत फिरत होता. शेवटी एका दगडावर उभं राहून त्याने फोन लावला. अहिराणीत दोन मिनिटं बोलला. मग आमच्याकडे वळून म्हणाला, ''वर पानी पडी रायनं. आज पाण्यात उतरायचं नाही.''

आम्ही वर बघितलं. डोक्यावर लख्ख ऊन!

फोन होता पठारावरच्या गावातल्या त्याच्या मावसभावाला. दर वेळी कुंडाकडे निघण्याआधी तो हा फोन लावतो. आमचा ट्रंकवाला मित्र जाम भडकला. ''पैसे कशाचे घेतलेत मग? इथे थेंब नाही पावसाचा!'' भाऊ शांतपणे म्हणाला, ''कुंड दाखवायचे घेतलेत दादा. आणि परत न्यायचे.''

चढत-उतरत केदारकुंडाशी पोहोचलो. कड्यावरून पांढरी धार खाली येतेय, खाली हिरवट डोह, तुषार अंगावर. समोर आठ-दहा कॉलेजची पोरं पाण्यात धिंगाणा घालत होती. आमच्या मित्राने भाऊकडे असं काही बघितलं की विचारू नका. भाऊने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. तो काठावर गेला आणि ओरडला, ''भाऊ, बाहेर या! वर पाऊस आहे!'' पोरांनी आधी टिंगल केली. मग त्याचा चढता आवाज ऐकून कुरकुरत एकेकजण बाहेर आला. शेवटचा सेल्फी काढत खडकावर बसला होता. त्याला भाऊने हाताला धरून आणलं.

वीस-पंचवीस मिनिटं काहीच झालं नाही. पोरं वैतागून कपडे घालत होती. मग पाण्यावर काटक्या आणि पाला दिसायला लागला. धारेचा रंग बदलला, आधी चहासारखा, मग मातीसारखा. आवाज जड झाला. बघता बघता सेल्फीचा तो खडक पाण्याखाली गेला. कुणी काही बोललं नाही. टिंगल करणाऱ्यांपैकी एकजण भाऊपाशी आला आणि नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. ऊन अजूनही तस्संच होतं!

सेनोटे साचलेलं, कुंड वाहतं

असं का होतं, ते परतीच्या वाटेवर डोक्यात नीट बसलं. मेक्सिकोच्या युकातानमध्ये खडक चुनखडीचा. तो पाण्यात विरघळतो, जमिनीखाली पोकळ्या तयार होतात आणि छत कोसळलं की झालं सेनोटे. त्यातलं पाणी जमिनीखालचं, बरंचसं संथ.

आपला खडक लाव्हाचा, काळा कातळ. तो विरघळत नाही, त्याला खोदावं लागतं. कड्यावरून पडणारं पाणी सोबत दगडगोटे आणतं, ते गरगर फिरून खळगे पाडतात. निघोजचे रांजणखळगे असेच तयार झाले. म्हणजे आपलं कुंड हे वाहत्या ओढ्याचाच एक भाग. आपल्या डोक्यावर काय आहे त्याला अर्थ नाही, पठारावर काय पडतंय त्याला आहे. शिवाय तळ दिसत नाही, धारेखाली पाणी आत ओढतं, शेवाळ घसरवतं. पट्टीचा पोहणारासुद्धा तिथे काही करू शकत नाही.

या डोंगराने हे मोठ्या प्रमाणावरही दाखवलंय. ३१ ऑगस्ट २०२१ ला इथे रात्रभर कोसळलेल्या पावसाने तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, चाळीसगावात पाणी घुसलं आणि कन्नड घाटात दरडी पडून रस्ता बंद झाला. भाऊला तो दिवस आठवतो. म्हणूनच तो फोन लावतो.

आणि गंमत म्हणजे माया लोकही काही सगळ्या सेनोटेंत डुंबत नव्हते! चिचेन इत्साचं मोठं सेनोटे पावसाच्या देवाचं होतं, तिथे नैवेद्य अर्पण व्हायचे. आपल्याकडेही कुंडाकाठी देव बसवलाय. पाण्याला आधी नमस्कार करा, असं सांगायची ती जुनी पद्धत असावी. आता ते काम भाऊ करतो.

म्हणून मंडळी, गाइडचे पैसे वाचवू नका. लेण्यांची माहिती पुस्तकात मिळते. वरच्या गावात फोन लावणारा माणूस मात्र तिथलाच लागतो. आणि तो 'नाही' म्हणाला तर त्या दिवशी तुमचे पैसे वसूल झाले, असं समजा.

जायचंय?

कसं जाल : चाळीसगाव हे मुंबई-भुसावळ मार्गावरचं जंक्शन. धुळ्याहून सुमारे ५५, जळगावहून सुमारे ९० किलोमीटर. तिथून पाटणादेवी साधारण १८ किलोमीटर. जीप दिवसभरासाठी ठरवलेली बरी.

केव्हा : सप्टेंबर ते डिसेंबर बेस्ट. जोरदार पावसात लेण्यांचा आणि कुंडाचा नाद सोडा. उन्हाळ्यात धबधबा आटतो आणि तुम्हीही!

काय न्याल : चांगल्या ग्रिपचे बूट, भरपूर पाणी, टोपी. प्लॅस्टिक नेलंत तर परत आणा, अभयारण्य आहे ते.

विचारून घ्या : वनखात्याच्या नाक्यावर त्या दिवशी काय सुरू, काय बंद. त्यांचा शब्द अंतिम.

अंघोळ हवीच असेल तर : चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेव गाठा. सातपुड्याच्या पायथ्याशी गरम पाण्याचा झरा आहे, गोमुखातून बांधीव कुंडात पडतो. थंडीत तर स्वर्ग!

वेळ उरला तर : चाळीसगाव स्टेशनजवळच कलामहर्षी केकी मूस यांचं घर आहे. वर्षानुवर्षं घराबाहेर न पडता या माणसाने टेबलावर जग उभं करून फोटो काढले. वर्क फ्रॉम होमचा खरा गुरू!