स्प्लेंडरचे इंजिन, गो-कार्टची चौकट

मोटारसायकलच्या इंजिनात क्रँक, सिलिंडर, क्लच, गिअरबॉक्स आणि वीज तयार करणारा मॅग्नेटो हे सारे ॲल्युमिनियमच्या एकाच आवरणात असते. चाकाकडे जाणारी ताकद त्यातून एकाच ठिकाणी बाहेर पडते, ते म्हणजे चेनचे पुढचे छोटे स्प्रॉकेट. ट्रकची रचना वेगळी असते. भंडारा जिल्ह्यात साकोली रस्त्यावरील गडेगावच्या अशोक लेलँड कारखान्यात ट्रकचे गिअरबॉक्स तयार होतात. हा गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे जोडला जाणारा स्वतंत्र डबा असतो आणि त्याचे तेलही निराळे असते. मोटारसायकलमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलावर चालतात. त्यामुळे घरी गो-कार्ट बनवणाऱ्याला क्लच आणि गिअरची वेगळी जुळणी करावी लागत नाही.

पहिली गो-कार्ट १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगेल्स यांनी बनवली, तीही गवत कापण्याच्या यंत्राचे टू-स्ट्रोक इंजिन लावून. महाराष्ट्रात याच धर्तीचे सर्वाधिक गाजलेले काम सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे. तिथल्या एका कारागिराने दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली आणि २०२१ च्या अखेरीस तिची बातमी देशभर पोहोचली. भंडाऱ्याच्या गावांत अशा प्रयोगासाठी सहज हाती लागणारे इंजिन म्हणजे जुन्या हिरो होंडा स्प्लेंडरचे. ५० मिमी व्यासाचा सिलिंडर, ४९.५ मिमी स्ट्रोक, ९७.२ घनसेंमी क्षमता, चार गिअर आणि साडेसात अश्वशक्तीच्या आसपास ताकद. नवशिक्याच्या कार्टला एवढी पुरेशी आहे.

हे इंजिन दुचाकीतून काढले की त्याच्या भोवतीच्या बऱ्याच गोष्टी मागे राहतात: समोरून येणारा वारा, वळणावर कलणारी गाडी, डोक्यावरची टाकी, विजेचा परतीचा मार्ग असलेली चौकट. कार्ट बनवणाऱ्याला यातील प्रत्येकीची भरपाई करावी लागते आणि खरे कौशल्य तिथेच लागते.

इंजिन चौकटीवर बसवताना त्याचे तोंड दुचाकीत होते तसेच पुढे ठेवावे. ते उलटे बसवले तर कार्टला चारही गिअर रिव्हर्सचे मिळतील. पुढचे स्प्रॉकेट आणि मागच्या ॲक्सलवरचे स्प्रॉकेट एका रेषेत आहेत की नाही, हे सरळ पट्टी दोन्हींच्या सपाट बाजूला टेकवून पाहावे. रेष दोन-तीन मिमी जरी चुकली तरी चेन दातांच्या कडा खाते आणि शेवटी उतरते. पहिल्या गिअरमध्ये जोर लावताना चेनवर दोनशे किलोंहून अधिक वजनाएवढा ताण येतो, म्हणून इंजिन धरणाऱ्या पट्ट्या पातळ पत्र्याच्या चालत नाहीत. दुचाकीत चेन घट्ट करायला मागचे चाक सरकवतात. कार्टचा ॲक्सल बेअरिंगमध्ये पक्का असतो, त्यामुळे इंजिनाच्या बैठकीलाच लांबट भोके ठेवून इंजिन सरकवण्याची सोय करावी. दुचाकीच्या मागच्या ड्रममध्ये धक्का शोषणारे रबर असते, ते कार्टच्या सरळ ॲक्सलवर नसते. क्लच झटक्यात सोडला तर सगळा दणका चेन आणि गिअरच्या दातांवर जातो.

दुचाकीचे १८ इंची चाक टायरसह एका फेरीत सुमारे १.८७ मीटर पुढे जाते, तर कार्टचा ११ इंच व्यासाचा टायर ०.८८ मीटर. मागचे स्प्रॉकेट तितक्याच दातांचे ठेवले तर दुचाकी ज्या फेऱ्यांवर ताशी ८० किमी धावते, त्याच फेऱ्यांवर कार्ट ३८ च्या आसपास धावेल आणि ओढ मात्र दुपटीहून जास्त मिळेल. पण ४२ दातांच्या स्प्रॉकेटचा व्यास १७० मिमी भरतो. त्यावरची चेन जमिनीपासून जेमतेम पाच सेंमी उंच राहते. धान निघाल्यावर सुकून भेगाळलेल्या बांधीत ढेकूळ लागून चेन तुटायला एवढी उंची पुरेशी कमी आहे. ३० दातांचे स्प्रॉकेट घेतले तर व्यास १२१ मिमीवर येतो आणि वेग १.४ पट होतो.

तेलाचा प्रश्न बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. दुचाकी वळणावर आतल्या बाजूला कलते. त्यामुळे गुरुत्वाकर्षण आणि बाहेर फेकणारा जोर यांची बेरीज इंजिनाच्या तळाकडेच जाते आणि तेल जागेवर राहते. कार्ट कलत नाही. वळण घेणाऱ्या एसटीत हातातल्या ग्लासातले पाणी एका कडेला चढते, तसे कार्टच्या इंजिनातले तेल बाहेरच्या बाजूला चढते. ८ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २५ किमी वेग असला तरी तेलाचा पृष्ठभाग सुमारे ३२ अंशांनी तिरका होतो. वळण क्षणभराचे असेल तर बिघडत नाही. पण एकाच दिशेने गोल-गोल फेऱ्या मारत राहिल्यास तेल ओढणाऱ्या पंपाच्या तोंडाशी हवा येऊ शकते आणि क्रँक कोरडा पडू लागतो. म्हणून इंजिन बसवताना त्याचा मूळ कोन बदलू नये, तेल वरच्या खुणेपर्यंत ठेवावे आणि सरावाचा मार्ग आठाच्या आकड्यासारखा आखावा. खुणेच्या वर तेल भरल्यास ते इंजिनाच्या ब्रीदर नळीतून बाहेर येते. कार्ब्युरेटरच्या फ्लोटलाही हाच तिरकेपणा भोगावा लागतो. वळणावर इंजिन अडखळले तर आधी तिकडे पाहावे.

वाऱ्यावर थंड होणारे इंजिन कार्टमध्ये चालकाच्या पाठीमागे जाते आणि सीट वारा अडवते. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. अशा वेळी सिलिंडरच्या पंखांवर हवा वळवणारा पत्रा किंवा १२ व्होल्टचा पंखा लावल्याशिवाय सलग चालवू नये. पेट्रोल केवळ उताराने येते, म्हणून टाकीचा नळ कार्ब्युरेटरपेक्षा वर असावा आणि टाकी सायलेन्सरपासून दूर.

वायरिंग करताना इंजिनाची प्रज्वलन पद्धत कोणती, हे आधी ओळखावे. जुन्या स्प्लेंडरचे सीडीआय, म्हणजे कपॅसिटरमधली वीज सोडून ठिणगी पाडणारे युनिट, बॅटरीवर अवलंबून नसते. मॅग्नेटोतील एक कॉइल शंभराहून अधिक व्होल्टची वीज तयार करते आणि ती सीडीआयमधील कपॅसिटरमध्ये साठते. फ्लायव्हीलवरचा उंचवटा पल्सर कॉइलसमोरून गेला की इशारा मिळतो, साठा इग्निशन कॉइलमध्ये रिकामा होतो आणि प्लगपाशी हजारो व्होल्टची ठिणगी पडते. हे क्रँकच्या प्रत्येक फेरीला घडते, म्हणजे मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर सेकंदाला १३३ वेळा. दिवे नको असतील तर ही साखळी तेवढी जोडली की किकवर इंजिन सुरू होते. बॅटरी आणि दिवे हवे असतील तर रेग्युलेटर-रेक्टिफायर लागतो आणि त्याचे धातूचे अंग चौकटीला नीट टेकवावे लागते.

होंडाच्या रीतीप्रमाणे हिरवी तार अर्थची, लाल पट्ट्याची काळी तार कॉइलकडून सीडीआयकडे येणारी आणि पांढऱ्या पट्ट्याची काळी तार इंजिन बंद करणारी असते. तरी जुन्या गाडीत कुणीतरी तारा बदललेल्या असतात, त्यामुळे मल्टिमीटर लावल्याशिवाय रंगावर विश्वास ठेवू नये.

इंजिन बंद करण्याची पद्धत इथे नीट समजून घ्यायला हवी. या सीडीआयमध्ये काळी-पांढरी तार अर्थला जोडली की इंजिन बंद पडते. बॅटरीवर चालणाऱ्या डीसी सीडीआयमध्ये पुरवठा तोडल्यावर बंद पडते. म्हणजे स्प्लेंडरची ही तार हादऱ्याने निसटली तर किल स्विच दाबूनही इंजिन चालूच राहील. पेट्रोलचा नळ बंद केला तरी कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत ते धावेल. म्हणून दोन स्विच लावावेत, एक स्टिअरिंगवर आणि दुसरा बाहेर उभ्या माणसाच्या हाताशी, आणि दोन्हींच्या तारा स्वतंत्र मार्गाने न्याव्यात. रंगवलेल्या चौकटीत अर्थ लागत नाही, विशेषतः इंजिनाखाली रबर बुश असतील तर. रंग खरवडून, इंजिनापासून चौकटीपर्यंत जाड तार बोल्टने आवळावी. चौकटीला नंतर वेल्डिंग करायचे झाल्यास सीडीआय आणि रेग्युलेटरचे प्लग आधी काढून ठेवावेत.

पहिली चाचणी मागची चाके जमिनीवरून उचलून, घोडीवर घ्यावी. ॲक्सिलरेटर सोडल्यावर केबल झटकन परत येते का, दोन्ही किल स्विच चालतात का, ब्रेक दाबल्यावर ॲक्सल थांबतो का, हे पाहूनच कार्ट खाली उतरवावी. सीटमागे चेन आणि स्प्रॉकेटवर जाळी हवीच. लांब केस, ओढणी किंवा गमछा त्यात अडकण्याचा धोका खरा आहे.

अशी कार्ट सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार नोंदणीशिवाय वाहन रस्त्यावर चालवणे गुन्हा आहे. त्यामुळे ती बंदिस्त आवारात किंवा गो-कार्टसाठी असलेल्या ट्रॅकवरच चालवावी. इंजिन ज्या दुचाकीतून काढले, ती पुन्हा वापरात येणार नसेल तर तिची नोंदणी रद्द करण्यासाठी मालकाने कलम ५५ नुसार नोंदणी अधिकाऱ्याला १४ दिवसांत कळवायचे असते. एमएच-३६ क्रमांकाच्या गाडीसाठी ते भंडारा परिवहन कार्यालय. कागदपत्रांवरचा आणि इंजिनावर कोरलेला क्रमांक जुळतो का, हे भंगारातून इंजिन विकत घेतानाच तपासावे.