घरगुती सीएनसी राउटरला लीडस्क्रू कोणता?

आंजी (मोठी) सारख्या गावातही सागवानावर नक्षी कोरणारा लहान सीएनसी राउटर घरी उभारता येतो. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात 2002 पासून फॅब लॅब, म्हणजे संगणकचलित यंत्रांची कार्यशाळा, आहे. म्हणजे संगणकावर चालणारी यंत्रे खेड्याला नवी नाहीत. राउटरची अचूकता बरीचशी लीडस्क्रूवर, म्हणजे मोटरचे फिरणे सरळ चालीत बदलणाऱ्या आट्यांच्या दांड्यावर, ठरते.

हार्डवेअरच्या दुकानातला एम8 थ्रेडेड रॉड स्वस्त मिळतो, पण त्याचे आटे आवळण्यासाठी असतात. नट लवकर झिजतो आणि प्ले (ढिलेपणा) वाढतो. त्यापेक्षा 8 मिमी व्यासाचा ट्रॅपेझॉइडल स्क्रू बरा. घेताना लीड, म्हणजे एका फेऱ्यात नट किती सरकतो, ते पाहा. फेऱ्याला 200 पावले टाकणाऱ्या स्टेपर मोटरवर 8 मिमी लीड असेल तर एका पावलाला 0.04 मिमी चाल मिळते. 2 मिमी असेल तर 0.01 मिमी, पण वेग पाव होतो. सोबत प्ले कमी करणारा स्प्रिंगचा अँटी-बॅकलॅश नट लावा.

लांब आणि बारीक स्क्रू वेगात थरथरतो. मोठ्या यंत्राला 12 किंवा 16 मिमीचा बॉलस्क्रू घ्या. त्यात घर्षण कमी असते, म्हणून वीज जाताच उभा अक्ष खाली घसरू शकतो. भुशापासून वाचवायला बॉलस्क्रूला झाकणही हवे.

पहिल्या लहान यंत्राला 2 मिमी लीडचा ट्रॅपेझॉइडल स्क्रू पुरेसा आहे; वाचलेले पैसे मजबूत चौकटीवर खर्च करा.