दोन्ही चाकांना स्प्रिंग कशासाठी?

ऑक्टोबर १९७६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, माउंट तामालपाइस या डोंगराच्या परिसरात, काही तरुणांनी सायकलींची एक शर्यत लावली. उतार सुमारे ४०० मीटरचा, वाट कच्ची आणि सायकली जुन्यापुराण्या, जाड टायरच्या. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे व पायडल उलटे फिरवले की लागे. खाली पोचेपर्यंत हब इतका तापे, की आतल्या ग्रीसचा धूर होई आणि नवे ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या वाटेला ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, असेच नाव पडले!

यात नवल नाही. स्वार व सायकल मिळून ९० किलोग्रॅम धरा. ९० × ९.८ × ४०० म्हणजे जवळजवळ साडेतीन लाख ज्यूल ऊर्जा. ती कोठेतरी जायलाच हवी.

माउंटन बाइकची शर्यत सुरू झाली ती अशी. त्या सायकलींना स्प्रिंग नव्हती. १९८९ च्या सुमारास पुढच्या चाकासाठी हवा व तेल असलेला फोर्क बाजारात आला. पुढे मागचे चाकही स्प्रिंगवर बसवले गेले आणि ‘फुल सस्पेन्शन’ सायकल रूढ झाली. ही सोय केवळ पाठीच्या सुखासाठी आहे असे पुष्कळांना वाटते. खरे कारण निराळे आहे. दगडावरून उडून हवेत गेलेले चाक ना वळू शकते, ना ब्रेकला दाद देते. ते जमिनीला चिकटून राहावे, हा मुख्य हेतू.

हे कसे साधते, ते पाहण्यासाठी सायकलचा पंप घ्या. भोकावर बोट घट्ट दाबून दांडा खाली ढकला. आधी सोपे जाते, मग अधिकाधिक जड होते आणि सोडताच दांडा वर उसळतो. ही झाली हवेची स्प्रिंग. आता बोट किंचित सैल करा. दांडा हळू ढकलला तर जातो, जोरात ढकलला तर अडतो, पण परत उसळत नाही. याला अवमंदन म्हणतात. सायकलच्या शॉक अॅब्सॉर्बरमध्ये हे काम बारीक छिद्रांतून जाणारे तेल करते. हादऱ्याची ऊर्जा तेथे उष्णतेत बदलते. लांब उतारानंतर शॉकला हात लावला तर तो कोमट लागतो.

माझ्या भाच्याने दोन वर्षे पैसे साठवून स्वस्तातली ‘डबल शॉक’ सायकल घेतली. तिला स्प्रिंगा दोन होत्या, तेल मात्र कोठेच नव्हते. खड्ड्यानंतर ती चेंडूसारखी उड्या मारी आणि चढावर पायडलचा निम्मा जोर स्प्रिंगच खाते की काय, असे वाटे. तेव्हा दुकानात सीट जोराने दाबून सोडून पाहा. ती एकदाच वर येऊन स्थिर झाली पाहिजे. पैसे थोडे असतील, तर माझ्या मते मागे स्प्रिंग नसलेली, पण चांगल्या फोर्कची व ब्रेकची सायकल घ्यावी.

चाक वरखाली जितके सरकू शकते, त्या अंतराला ‘ट्रॅव्हल’ म्हणतात. नुसत्या उताराच्या शर्यतींसाठी ते सुमारे २०० मिलिमीटर असते. पण अशी सायकल जड असते आणि चढावर दमवते. चढ, उतार, दगड, मातीची सपाट वाट असे सगळेच तुडवायचे असेल, तर पहिल्या सायकलीला १२० ते १४० मिलिमीटर पुरे.

याहून महत्त्वाचे आहे ते स्प्रिंग आपल्या वजनाला जुळवणे. स्वार बसताच स्प्रिंग थोडी दबली पाहिजे. कारण चाकाला दगडावर चढायचे असते, तसे खड्ड्यात उतरायचेही असते. शॉकच्या दांड्यावर रबराची कडी असते. ती सीलला टेकवा, मित्राला सायकल धरायला सांगा, अलगद वर चढून पायडलवर उभे राहा व तसेच अलगद उतरा. दांडा ५० मिलिमीटर सरकणारा असेल आणि कडी १५ मिलिमीटर ढळली असेल, तर दाब ३० टक्के झाला. २५ ते ३० टक्के ठीक. जास्त दबली तर हवा भरा, कमी दबली तर सोडा. मात्र त्यासाठी मीटरचा खास पंप लागतो. चाक १३० मिलिमीटर हलते तेव्हा शॉक ५०च हलतो, म्हणजे तरफेच्या नियमाने त्याच्यावर सरासरी २.६ पट बल येते. आतला दाब दहा वातावरणांहूनही अधिक असू शकतो.

पोलादी स्प्रिंग अशी जुळवता येत नाही. वजन बरेच बदलले तर ती स्प्रिंगच बदलावी लागते. तुमचे वजन तर दरवर्षी वाढणार! म्हणून तुमच्या वयाला हवेची स्प्रिंग बरी. दर दोन-तीन महिन्यांनी कडी पुन्हा मोजायची, इतकेच.