टेम्पो पोलीस ठाण्यात, आंबा टेम्पोत: दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं तर पुढे काय?

आपण एरवी कर्ज, पॅकिंग, जीएसटी यावर बोलतो. आजचा विषय जरा अडचणीचा आहे, पण गाडीवर चालणारा धंदा करणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा नीट समजून घ्यायलाच हवा.

समजा, तुम्ही जामसंड्यात हापूसचा व्यवसाय नुकताच सुरू केलाय. एप्रिलचा शेवट, वाशी मार्केटला पेट्या पोचवायच्यात. संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जेवण झालं, थोडी घेतली गेली, आणि "नांदगाव तिठ्यापर्यंत तर जायचंय" म्हणून टेम्पो निघाला. शिरगावच्या पुढे नाकाबंदी. पोलिसांनी मशीनमध्ये फुंकायला लावलं, आकडा आला. आता?

पहिली गोष्ट, हे जागेवर मिटत नाही. हेल्मेट नसलं तर चलन भरून सुटका होते, तसं इथे नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १८५ तडजोडीच्या यादीतच नाही. म्हणजे प्रकरण न्यायालयात जाणारच. "साहेब, काहीतरी बघा ना" म्हणत पैसे पुढे केलेत, तर लाच देऊ केल्याचा दुसरा गुन्हा डोक्यावर.

मर्यादा किती? १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. इंग्लंडमध्ये हीच मर्यादा ८० आहे, त्यावरून आपला कायदा किती कडक आहे ते बघा. आणि माडी असो, बिअर असो की काजूची फेणी, कायदा फक्त रक्तातला आकडा बघतो. १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही.

त्या रात्री काय करायचं

वाद घालू नका. फुंकायला नकार दिला तर तो नकारच पुढे तुमच्या विरोधात धरला जाऊ शकतो. मशीनमधून छापील पावती येते, ती मागा. खोकल्याचं औषध किंवा माउथवॉश घेतलं असेल तर तिथेच सांगा आणि रक्त तपासणीची मागणी करा.

अटक झाली तर कलम २०२ लक्षात ठेवा. अटकेपासून २ तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर कोठडीतून सोडावं लागतं. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. चहाच्या टपरीवर सांगतात, "दोन तास गेले की केस संपली." तसं नाही हो! कोठडीतून सुटका म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. खटला उभा राहू शकतो. पण तपासणी किती वाजता झाली, नमुना कसा सील केला, हे मुद्दे तुमच्या वकिलाला नंतर उपयोगी पडतात. म्हणून वेळ लिहून ठेवा.

हा गुन्हा जामीनपात्र आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणेही तसंच आहे: जामीन हा हक्क आहे, मेहरबानी नाही. अटकेचं कारण सांगणं आणि घरच्यांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. आईबाबा रागावतील म्हणून फोन टाळू नका, जामीनदार त्यांनाच शोधायचाय.

आणि टेम्पोतला माल? आंबा थांबत नाही. न प्यायलेला, लायसन्सवाला दुसरा माणूस तातडीने बोलवा आणि माल त्याच्या ताब्यात देण्याची विनंती लेखी करा. पेट्या किती, कुणाच्या, हे बिलासकट दाखवा. गाडी जप्त झाली तर ती परत मिळवण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो. जप्त वाहनं ठाण्याच्या आवारात उगाच गंजत ठेवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात स्पष्ट केलंय. वकील त्याचा आधार घेतात.

एक उपसूचना आपल्या जिल्ह्यासाठी. गोव्याहून येताना डिकीत परवान्याशिवाय बाटल्या असतील तर तो महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखालचा वेगळा गुन्हा. तिथे गाडीचं प्रकरण आणखी अवघड होतं.

कोर्टात "कबूल" म्हणण्याआधी

देवगडच्या न्यायालयात तारीख लागली की कुणीतरी सांगतंच, "गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो." पुरावा पक्का असेल तर कबुली हा शहाणपणाचा मार्ग असूही शकतो. पण घाईत नको. एकदा कबुली दिली की अपिलात फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढंच मांडता येतं. शिवाय पुढच्या वेळी तुम्ही "दुसऱ्यांदा" ठरता. खटला लढवून शिक्षा झाली तर ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येतं. वकिलाचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, कमी उत्पन्नाचे लोक यांनाही.

खरा फटका दंडाचा नाही, लायसन्सचा. पोलीस ते ताब्यात घेऊन परिवहन कार्यालयाकडे पाठवू शकतात. पहिल्या गुन्ह्याला ३ महिने अपात्रता, दुसऱ्याला लायसन्सच रद्द. त्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, तेव्हा ओरोसला सुनावणीला बोलावलं तर जा, चुकवू नका. आदेश विरोधात गेला तर ३० दिवसांत अपील आहे. एप्रिलमधले ३ महिने म्हणजे अख्खा सीझन गेला! आणि त्या काळात "फक्त बागेपर्यंत" म्हणून गाडी चालवली तर तो स्वतंत्र गुन्हा, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही.

विमा बघा. नशेत अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जातो. समोरच्याला लागलं तर विमा कंपनी आधी भरपाई देऊन मग ती तुमच्याकडून वसूल करू शकते. गाडी तुमची, ड्रायव्हर पगारी, तरी भरपाईचं ओझं मालकावरही येतं. त्याहून कमी लोकांना माहीत असलेलं कलम म्हणजे १८८. ड्रायव्हर प्यायलेला आहे हे माहीत असून तुम्ही त्याला "जा रे, माल पोचव" म्हणालात, तर गुन्ह्याला साथ दिल्याबद्दल तीच शिक्षा तुम्हालाही होऊ शकते.

माणूस गेला तर प्रकरण पूर्ण बदलतं. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी चढली. ७ जण गेले, ८ जखमी झाले. चालक अ‍ॅलिस्टर परेरा, रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ११२ मिलिग्रॅम. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा धरून ६ महिने दिले. उच्च न्यायालयाने तो सदोष मनुष्यवध ठरवला आणि ३ वर्षं केली. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. "मारायचा हेतू नव्हता" हा बचाव तिथे टिकला नाही, कारण पिऊन भरधाव गाडी हाकली तर कुणीतरी मरू शकतं हे चालकाला माहीत असतं.

आता कामाचं बोलू. ड्रायव्हरच्या नेमणूक पत्रात एक ओळ टाका: ड्युटीवर दारू प्यायल्यास गाडी दिली जाणार नाही आणि त्या दिवसाचा पगार मिळणार नाही. किल्ली देताना दोन मिनिटं बोला, वास येतोच. सीझन संपल्याची पार्टी ठेवणार असाल तर घरी सोडायला रिक्षा आधीच ठरवा. आणि दुसऱ्या ड्रायव्हरचा नंबर मार्चमध्येच घेऊन ठेवा, ऐन मे महिन्यात जामसंड्यात तो मिळत नाही.