११ गोळ्या, एक फोन आणि न थकलेली आई

मुलाचा फोन लागेनासा झाला की आईच्या मनात नको नको ते विचार येतात. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात राहणाऱ्या डेबोरा मॅरियन यांचंही जुलै २०१० मध्ये असंच झालं. त्यांचा ३४ वर्षांचा मुलगा लॉरेन्झन राइट चार दिवस बेपत्ता होता. २२ जुलैला त्यांनी पोलिसांत तक्रार केली. २८ जुलैला शहराच्या एका टोकाला, झाडीत त्याचा मृतदेह सापडला. अंगावर गोळ्यांच्या जखमा होत्या.

कोण होता लॉरेन्झन?

६ फूट ११ इंच उंचीचा लॉरेन्झन म्हणजे मेम्फिसचा लाडका बास्केटबॉलपटू. एनबीए या जगप्रसिद्ध स्पर्धेत तो १३ मोसम खेळला. त्यातले काही मोसम तर आपल्याच शहराच्या ग्रिझलीज संघाकडून. तो सहा मुलांचा बाप होता आणि पत्नी शेरा हिच्याशी त्याचा घटस्फोट झाला होता. १८ जुलैच्या रात्री तो तिच्याच घरी आला होता.

तो शेवटचा फोन

त्या मध्यरात्रीनंतर लॉरेन्झनच्या मोबाइलवरून ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन गेला होता. पलीकडे किमान ११ गोळ्यांचे आवाज ऐकू आले आणि फोन बंद झाला. हा फोन शेजारच्या उपनगरातल्या केंद्रात लागला होता. मेम्फिस पोलिसांपर्यंत ही माहिती पोहोचायला कितीतरी दिवस गेले. तोवर उन्हाळ्याच्या कडाक्यात मृतदेह उघड्यावर पडून होता आणि पुरावे नष्ट होत होते.

तळ्यातलं पिस्तूल

त्यानंतर सात वर्षं कुणालाही अटक झाली नाही. लोक विसरले, पण आई विसरली नाही. डेबोरा पोलिसांना विचारत राहिल्या, पत्रकारांशी बोलत राहिल्या, मुलाचं नाव त्यांनी बातम्यांतून पुसू दिलं नाही.

नोव्हेंबर २०१७ मध्ये शेजारच्या मिसिसिपी राज्यातल्या एका तळ्यातून पिस्तूल सापडलं आणि तपासाला वेग आला. डिसेंबरमध्ये दोघांना अटक झाली. एक होता बिली रे टर्नर, बागकाम करणारा आणि चर्चमध्ये सेवा देणारा. दुसरी होती खुद्द शेरा. लॉरेन्झनच्या नावावर १० लाख डॉलरचा विमा होता. पैशासाठीच हा कट रचला गेला, असं सरकारी पक्षाचं म्हणणं होतं.

२०१९ मध्ये शेराने खुनाला मदत केल्याचा गुन्हा कबूल केला. तिला ३० वर्षांची शिक्षा झाली. टर्नरने आरोप नाकारले, पण शेराच्याच एका नातेवाइकाने कटाबद्दल न्यायालयात साक्ष दिली. मार्च २०२२ मध्ये टर्नर दोषी ठरला आणि त्याला जन्मठेप झाली.

उत्तर मिळालं, पण...

डेबोरा यांना हवं होतं ते उत्तर मिळालं, पण ते घरातूनच निघालं. ज्या नातवंडांनी वडील गमावले, त्यांचीच आई तुरुंगात गेली. कोणत्या आजीला असा निकाल गोड लागेल?

तरीही त्यांनी विचारणं थांबवलं असतं, तर ही फाइल कदाचित धूळ खात पडली असती. आपलं माणूस अचानक संपर्काबाहेर गेलं, तर ‘येईल उद्यापर्यंत’ म्हणत बसू नका. लगेच पोलिसांत जा, ११२ वर फोन करा. त्याचं पुढे काय झालं, हेही विचारत राहा.